डबा रिकामा द्यायचा नसतो

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, ही अक्कल त्या माणसाला मीच शिकवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझाच होता. त्यामुळे दोष कुणाचा, हे मला कुणी विचारू नये. मी आधीच वैतागलेली आहे.

मी मेधा. चिंचवडची. नवरा यतीन, मुलगा अद्वय, वय वर्षं सात. द हेगमध्ये सध्या ज्या तात्पुरत्या इमारतीत संसद भरते, तिथून चालत सहा मिनिटांवर आमचं ऑफिस. पाटीवर नुसती तीन आडनावं. आत काय चालतं ते पाटी वाचून कळत नाही, आणि कळू नये अशीच सोय आहे. कारखानदारांचे संघ, मोठ्या कंपन्या आमच्याकडे येतात. म्हणतात, अमुक कायदा येतोय, तो आम्हाला नकोय. किंवा येऊ दे, पण त्याचे दात काढून. मग आमची माणसं खासदारांना भेटतात, कॉफी पितात, गप्पा मारतात. पैसेबिसे अजिबात नाही हं. पन्नास युरोच्या वरची भेट इथे खासदाराला जाहीर नोंदवावी लागते. आमचा साहेब योस्ट म्हणायचा, ‘लाच आळशी माणसं देतात.’

माझं काम फाइलींचं. खासदार दीडशे, फाइली दीडशे. मी गमतीत त्यांना कुंडल्या म्हणायचे. प्रत्येकीत तेच रकाने: काय हवंय, कशाची भीती, कुणाचं ऐकतो. कुणाची आई वृद्धाश्रमात आहे, कुणाला भाषण लिहायचा कंटाळा, कोण पक्षात एकटा पडलाय. हे सगळं उघड मिळतं हो. माणसं स्वतःच सांगत असतात, फक्त कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

तर डबा. दिवाळीनंतर मी ऑफिसात खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. लग्नात मावशीने दिलेला स्टीलचा डबा, झाकणावर कोरलेलं ‘मेधास, मावशीकडून’. योस्टला वड्या इतक्या आवडल्या की तो डबाच घरी घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणला. घासून पुसून लख्ख. आणि रिकामा.

‘अरे, रिकामा?’ मी फटकन बोलले. माझी जीभ अशीच, उचलली की लावली टाळ्याला. ‘आमच्याकडे असा देत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात.’

योस्ट दोन मीटर उंच, केस पिकलेले, बोलणं हळू. रागावला नाही. शेजारची खुर्ची ओढून बसला. ‘का?’

‘का म्हणजे? ज्याने भरून दिला तो माणूस तुमच्यासाठी खपलाय ना! रिकामा दिला की संपलं. भरून दिला की त्याला वाटतं, अरे, यांनी एवढं केलं, आता आपण काहीतरी द्यायला हवं. मग तो परत भरून पाठवतो.’

‘आणि मग?’

‘मग काय, चालूच राहतं. माझी आई आणि समोरच्या काकू बावीस वर्षं हेच करत होत्या. दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही, पण भांडायची सोय नव्हती. भांडणार कशा? एकीचा डबा दुसरीकडे असायचाच.’

योस्टने खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. भांडायची सोय नाही. मी हसले. मला वाटलं, माझ्या संस्कृतीचं केवढं कौतुक! तो डबा मात्र त्याने परत दिलाच नाही. म्हणाला, ‘भरून देईन.’

पुढच्या सोमवारी प्रत्येक कुंडलीत दोन नवे रकाने आले. मागचा डबा. पुढचा डबा.

मग आमचं ऑफिस असं चालायला लागलं की विचारू नका. एका खासदाराचा मदतनीस नोकरी सोडून गेला, तर आठवड्यात एका हुशार विद्यार्थ्याचा आपणहून अर्ज त्याच्याकडे. एकीला दुरुस्तीचा मसुदा पाच वाजेपर्यंत द्यायचा होता आणि ती आजारी पडली, तर चार वाजता तयार मसुदा तिच्या मेलमध्ये, खाली कुणाचंच नाव नाही. पन्नास युरोचं काही नाही, पाच युरोचंही नाही. पण घेणारा मिंधा. मिंध्या माणसाला काही सांगावं लागत नाही, तो आपण होऊन मान डोलावतो. मी लिहिलेली वाक्यं मी संसदेच्या टीव्हीवर ऐकली आहेत, माझ्या स्वल्पविरामासकट. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारी ती शिकलीसवरलेली माणसं बघून मला हसू यायचं. अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोलू!

तेव्हा आम्ही झूटरमेरला राहायचो. नव्या घरांची रांग, मागे कालवा, दारात सायकली. शेजारी मृदुला आणि तिची मुलगी स्वानंदी, अद्वयपेक्षा वर्षाने मोठी. मृदुलाचा नवरा प्रोजेक्टवर सदा बाहेरगावी, त्यामुळे आमच्या दोन घरांचं एकच घर झालेलं. त्या रांगेत आल्यापासून मुलं खोकायला लागली. आधी अद्वय, मग स्वानंदी. सकाळी उठलं की खोकला, शाळेतून घरी आलं की खोकला. सुट्टीत चिंचवडला गेलं की गायब! आमच्या डॉक्टरांचं, म्हणजे हाउसआर्ट्सचं, औषध ठरलेलं. पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा. ह्या देशात माणूस मेला तरी म्हणतील, पॅरासिटामॉल द्या आणि दोन आठवडे वाट बघा.

त्याच सुमारास एका क्लायंटचं काम आलं. लाकडी जमिनीखाली गोंद लावतात, तो बनवणाऱ्यांचा संघ. संसदेत कायदा येत होता की अशा गोंदाच्या प्रत्येक घरातली हवा तपासायची, आणि हवा वाईट निघाली तर कंपनीने जमीन उखडून नवी घालून द्यायची. त्यांना तो नको होता. मी एक वाक्य लिहून दिलं: ‘ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला हवा मोजून काय मिळणार?’ घरांची एवढी टंचाई, वाक्य बरोबर बसलं. योस्टने माझ्या पाठीवर थाप मारली.

क्लायंटच्या कागदांत दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट होता. त्यांनी स्वतःच गुपचूप हवा मोजली होती, एका रांगेत, सहा घरांत. रस्त्याचं नाव वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. आमचीच रांग. आकडे मला कळत नव्हते, पण शेवटची ओळ कळली: लहान मुलं असलेल्या घरांसाठी अयोग्य.

आता कुणीही शहाणी बाई त्याच दिवशी तो कागद घेऊन रस्त्यावर ओरडत सुटली असती. मीही सुटणार होते. यतीनला सांगितलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, रायस्वाइकला घर मिळतंय.

हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. इथे घरासाठी माणसं सात-सात, आठ-आठ वर्षं यादीत सडतात. मी चौदा ठिकाणी अर्ज केले होते आणि ही एजन्सी त्या चौदांत नव्हतीच. जुनं, दगडी फरशीचं, दोन खोल्यांवर गच्ची असलेलं घर. आठ दिवसांत किल्ली हातात. मी पेढे वाटले. अद्वयचा खोकला तिसऱ्या आठवड्यात थांबला, आणि मग त्या कागदाचा विषय मी काढला नाही. यतीननेही काढला नाही. आमच्या जुन्या घरात नागपूरची प्रिया राहायला आली, तान्हं बाळ घेऊन. मृदुलाने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, ‘वा, सोबत झाली तुला.’ असं म्हणाले मी. माझ्याच तोंडाने.

रायस्वाइकच्या घरी पहिल्या सोमवारी दाराबाहेर पायपुसण्यावर मावशीचा डबा. आत अद्वयच्या पोहण्याच्या वर्गाचं पत्र: जागा मिळाली. तिथे दोन वर्षांची प्रतीक्षायादी होती. मला वाटलं, योस्टच, दुसरं कोण! डबा हातात घेतला तर कोमट. बाहेर बर्फ पडायच्या बेताचं हवामान आणि स्टील कोमट, जसं काही आत्ताच कुणीतरी पोटाशी धरून आणलंय.

ऑफिसात योस्टला थँक्यू म्हटलं. ‘मी काही पाठवलं नाही, मेधा. तो डबा कधीच माझ्या हातून गेला. फिरतोय तो.’

‘फिरतोय म्हणजे?’

‘तूच म्हणाली होतीस ना, चालूच राहतं.’

मी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि पायरीवर ठेवला. का ठेवला? सवय. रिकामा घरात ठेवून घेणं अंगावर येतं. दार लावून चहा टाकला, परत पाहिलं तर डबा नाही. यतीनने दारावर कॅमेरा बसवला होता. त्यात आठ चौदाला पायरीवर डबा, आठ पंधराला पायरी मोकळी. मध्ये माणूस नाही, मांजर नाही, काही नाही. यतीन म्हणाला, सेटिंग बिघडलंय. बदललं. पुढच्या वेळीही तसंच.

पुढच्या वेळी डब्यात कढीपत्ता होता. ताजा, देठासकट. सकाळी पोह्यांना फोडणी देताना मनात आलं होतं, कढीपत्ता असता तर! मनात आलं होतं हो, बोलले नव्हते. यतीन अंघोळीला, अद्वय झोपलेला. मी घाबरले. पण पोह्यांत घातला. हे मला आजही माझं मलाच सहन होत नाही, की घाबरले आणि घातला.

त्यानंतरच्या खेपेला घरात भरण्यासारखं काही नव्हतं. हातात डबा धरून मी स्वयंपाकघरात उभी, तेवढ्यात योस्टचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, ‘तुझ्या जुन्या रांगेत पालक काही हालचाल करतायत का गं?’ आणि मी सांगून टाकलं. मृदुलाने सहा घरांचा गट केलाय. ती पुढच्या मंगळवारी दीड वाजता संसदेत निवेदन देणार आहे. तिची मुलगी दम्याच्या पंपाशिवाय जिना चढत नाही. तिला हवंय काय तर दुसरं घर, पण मिळत नाही बिचारीला. सगळं भडाभडा. फोन ठेवला आणि पाहिलं, ओट्यावरचा डबा गेलेला. वड्या नाहीत, लाडू नाहीत, मी त्यात मृदुला भरून दिली होती.

त्याच शनिवारी दुपारी मृदुला आमच्याकडे आली. स्वानंदी बरोबर. पूर्वी ही पोरगी अद्वयला सायकलवर मागे टाकून हसायची. आता गच्चीवर जायच्या तीन पायऱ्या चढून बसली. ‘वर ये की गं,’ म्हटलं, तर डचमध्ये म्हणाली, इथूनही दिसतं. तेवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

मृदुला चहालासुद्धा हात लावेना. ‘मेधा, गोंदवाल्यांनी आपल्या रांगेत हवा मोजली होती म्हणतात. त्यांचं काम तुझ्याच ऑफिसात आहे. कागद आहे ना?’

चोराच्या मनात चांदणं.

‘आहे,’ मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा हात धरला. ‘मंगळवारी तीनला मतदान आहे. मारलूस बाईंच्या पक्षावर सगळं अडलंय. ती म्हणेल तसे सगळे हात वर करतात. आम्हाला ती वेळ देत नाही, तुला देईल. तो कागद फक्त तिच्या हातात दे. स्वानंदीला ह्या हिवाळ्यात परत दवाखान्यात न्यावं लागलं तर मी काय करू, सांग?’

‘देते,’ मी म्हटलं. ‘स्वानंदीच्या गळ्याची शपथ.’

पोरीच्या गळ्याची शपथ घेतली मी. त्याच गळ्याची.

निघताना मृदुलाला एक फोन आला. अनोळखी नंबर. ती जिन्यात उभी राहून बराच वेळ ऐकत होती.

सोमवारी ऑफिसात मी मारलूसची कुंडली उघडायला गेले. खासदारांच्या यादीत, मारलूसच्या खाली, एक नाव असं की जे तिथे असायचं कारण नव्हतं. मेधा.

रकाने तेच. काय हवंय: मुलासाठी स्वच्छ हवेचं घर. कशाची भीती: कृतघ्न म्हणवून घेण्याची. कुणाचं ऐकते: मुलाच्या श्वासाचं, झोपेत. खाली तारखा. पहिली तारीख मी इथे मुलाखत द्यायच्या आधीची, आणि भाषा माझी. अगदी माझी, मी जशी तुटक लिहिते तशी. मी हे कधी लिहिलं? मी लिहिलेलं नाही. शेवटची नोंद त्याच दिवसाची होती: सोमवार. दुपारी तोंड धुऊन येईल. हे वाचेल. रागावेल. रिपोर्ट छापून घेईल.

मी तोंड धुऊनच आले होते. केस ओले होते माझे.

मागचा डबा: रायस्वाइक.

पुढचा डबा: गरज नाही.

गरज नाही? माझं डोकंच सणकलं. अरे वा रे वा! मला गृहीत धरता? मी काय तुमच्या दीडशेंतली एक आहे? बघतेच म्हटलं. धाडधाड तो रिपोर्ट छापला, पर्समध्ये कोंबला. यादीत माझ्या नावाखाली आणखी एक नवी फाइल दिसत होती, शनिवारी सकाळीच उघडलेली. तिच्यात डोकवायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर हिंमत नव्हती.

मंगळवारी साडेअकराला मारलूस बाईंनी मला वेळ दिली. पन्नाशीची, साध्या स्वेटरमधली, चेहऱ्याने प्रेमळ बाई. मला अशी माणसं आवडतात. खोलीत कागदांचे गठ्ठे, खिडकीत एक मरतुकडी कुंडी, आणि टेबलावर मावशीचा डबा.

‘हा तुमचा ना?’ बाई म्हणाल्या.

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच आठवत होत्या, ढोंग नव्हतं. ‘कुणी सांगितलं बरं… कळलं खरं. फार दिवसांपासून येतो. रिकामा परत द्यायचा नसतो, हो ना?’

मी पर्स उघडली आणि रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. बोलायला लागले. रांग, गोंद, सहा घरं, शेवटची ओळ. मी चांगलं बोलते, तेच तर माझं पोट आहे. बाई मान हलवत ऐकत होत्या. मग अगदी मायेने म्हणाल्या, ‘पण मेधा, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला हवा मोजून काय मिळणार?’

‘ते वाक्य माझं आहे!’ मी जवळजवळ ओरडले. ‘ते मी लिहिलंय! खोटं आहे ते!’

‘असं?’ त्या चकित झाल्या. ‘मला वाटलं, माझंच आहे. किती दिवस मनात होतं.’

बाई दुखावल्या नाहीत. रिपोर्टवर हात ठेवून त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि ती विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ‘तुम्ही त्या रांगेत राहत होता. मुलगा आजारी होता. मी हे सभागृहात सांगणार असेन तर मला तुमचं नाव लागेल. आता कसा आहे तो? तुम्ही तिथून निघालात कशा?’

साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं. मला त्यांनी घर दिलं, गप्प बसावं म्हणून दिलं, आणि मी घेतलं. एवढं बोलले असते तर तो कागद उभा राहिला असता. पण मग घर? किल्ली परत मागितली तर? अद्वय काल रात्रभर एकदाही न खोकता झोपला होता. मी नेहमीसारखी उठून त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिलं होतं. श्वास कसा, सरळ. मी तोंड उघडलं आणि मला त्या खोलीत, शपथ सांगते, त्याचा श्वास ऐकू आला. टेबलाकडून. डब्याकडून. वर, खाली, वर, खाली.

‘बरा आहे तो,’ मी म्हटलं. ‘आम्हाला… मिळालं घर. नशिबाने.’

‘पाहा,’ बाई हसल्या, खरंच आनंदाने. ‘म्हणजे मार्ग निघतो.’

त्यांनी रिपोर्ट उचलला, नीट जुळवला आणि मला परत दिला. मी घेतला. डबाही पुढे केला. तो मी घेतला नाही. तेवढा एक ताठा माझ्यात उरला होता, आणि जिना उतरताना मला त्याचीसुद्धा फुशारकी वाटली. डबा नाही घेतला! जसं काही त्याने स्वानंदीच्या छातीतली शिट्टी थांबणार होती.

खाली आले तेव्हा लाज वाटायला लागली. इतकी की रस्त्यावरच्या माणसांकडे बघवेना. मग मनाशी म्हटलं, ठीक आहे, माझ्याने झालं नाही, मृदुलाच्याने होईल. तिच्याकडे गमावण्यासारखं काही नाही. दीडला ती निवेदन घेऊन येईल, तिच्या हातात कागद देते. ती त्या दारात उभी राहून ओरडेल. ती माझ्यासारखी नाही.

मी दारापाशी थांबले. दीड वाजले. दोन. अडीच. दुसऱ्या कुठल्या कुठल्या संघटनांची माणसं फलक घेऊन आली, फोटो काढून गेली. सहा घरांपैकी एकही माणूस आलं नाही. मृदुलाचा फोन वाजत राहिला. मी ट्राम पकडली आणि झूटरमेरला निघाले. वाटेत मोबाइलवर संसद लावली. तीन वाजून काही मिनिटांनी मारलूस बाई दिसल्या. त्यांनी हात वर केला नाही, त्यांच्या पक्षातल्या कुणीच केला नाही, आणि कायदा पडला. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

मृदुलाचं दार उघडंच होतं. आत सगळीकडे खोकी. तिने मला पाहिलं आणि धावत येऊन घट्ट मिठी मारली. रडत होती, हसत होती.

‘अगं, फोन घेता आला नाही, सकाळपासून धावपळ! हार्लेमला घर मिळालं! शनिवारी तुझ्या जिन्यात असताना फोन आला ना, तो त्याचाच. माझा विश्वासच बसला नाही. आज किल्लीसुद्धा आली. दगडी फरशी आहे, मेधा! दगडी!’

‘आणि निवेदन?’

तिने नजर चुकवली. अगदी थोडी, पण मी ओळखली. माझ्याकडे तश्शी आहे. ‘बाकीच्यांनाही काही ना काही मिळालंय गं. कुणाला घर, कुणाला बदली. मग एकटीने जाऊन काय करू? आणि ज्यांनी एवढं केलं त्यांच्यासमोर उभं राहून… बरं दिसतं का?’ मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘तूच शब्द टाकलास ना माझ्यासाठी? मला कळलं. तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझी पोर वाचवलीस तू.’

खोक्यावर बसून स्वानंदी हसत होती. ती वाचली होती, हे खरंच होतं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, देवाशप्पथ झाला. पर्समधल्या कागदाला मी हात लावला नाही. आता तो द्यायचा तरी कुणाला?

तेवढ्यात भिंतीपलीकडून, आमच्या जुन्या घरातून, खोकला आला. बारीक, कोरडा, तान्ह्या बाळाचा. एकदा, मग लागोपाठ. आम्ही तिघी ऐकत राहिलो.

‘प्रियाचं पिल्लू,’ मृदुला हळूच म्हणाली. ‘परवा नेलं होतं तिने डॉक्टरकडे. म्हणाले, पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा.’

तिने उठून खिडकी लावून घेतली. खोकला भिंतीतून येत होता, खिडकीचा काही संबंध नव्हता. तरी लावली. मग काहीतरी आठवल्यासारखी ओट्याकडे वळली.

‘बरं झालं आलीस. हा तुझाच ना? मघाशी पायरीवर होता. किल्ली ह्याच्यातच होती.’

झाकणावर मावशीचं नाव. मी सकाळीच तो मारलूस बाईंच्या टेबलावर सोडला होता.

‘हे काय, सगळं खोक्यात भरलंय गं,’ मृदुला पुटपुटली. उघडी खोकी हुडकत शेवटी तिला साखरेची बरणी सापडली. तिने दोन चमचे साखर डब्यात घातली, झाकण दाबून बसवलं आणि पदराने पुसल्यासारखा ओढणीने पुसून माझ्यापुढे धरला.

‘घे. रिकामा कसा देऊ?’

पलीकडे बाळ खोकत होतं. मी हात पुढे केला आणि डबा घेतला. कोमट होता.